हापसा उंच होत गेला

सेमारांग, १४ जुलै १९९४

यू मुर्सिनाह वहिनींना रसिमानचा सलाम.

आम्ही इकडे खुशाल आहोत. एंदाहला सातवा महिना आहे. तिला सारखी आंबट खायची हुक्की येते आणि मला ऐन कामातून बाजारात पळावं लागतं.

मुख्य बातमी अशी की मी मिस्त्री झालो. अकरा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली पाइप उचलले, आता बोअरची गाडी माझ्या ताब्यात आहे. पहिलं काम मिळालं कापड रंगवायच्या गिरणीत. एकशे वीस मीटर खोल जायचं होतं. आधी चिकण माती, मग वाळू, मग परत चिकण माती, असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी दुपारी पाणी लागलं ते आपोआप छातीएवढं उंच उडालं. गिरणीचे साहेब बूट भिजले तरी हलेनात. मी ओंजळभर पिऊन पाहिलं. गोड होतं.

यू, तेव्हा मला तुम्ही दिसलात. तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, आणि आईला जाऊन चार महिने झाले होते. आपल्या विहिरीचं पाणी मचूळ, म्हणून तुम्ही खांद्यावर कावड घेऊन पलीकडच्या वाडीत जायचात आणि मी तुमच्या सारोंगचं टोक धरून मागं. परत येताना भाताच्या बांधावर कावड टेकवून तुम्ही पहिला घोट मला द्यायचात. दादा चिडायचा, म्हणायचा, घरी पोचेपर्यंत हा पोरगा अर्धी कावड संपवतो. जग मला अजून त्या बांधावरूनच आठवतं. डावीकडं भात, उजवीकडं भात, आणि समुद्र इतका लांब की तो असल्याचं फक्त वाऱ्यावरून कळायचं.

दादाला जाऊन तीन वर्षं झाली. एकटं किती दिवस राहणार? इकडे या. गिरण्या उभ्या राहतायत, रस्ते होतायत. एंदाहला बाळंतपणात कोणी मोठं माणूस हवं आहे.

तुमचा,
रसिमान


बुलुरेजो, ३ सप्टेंबर १९९४

दिक रसिमान, माझ्या धाकट्या दिरास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. शाळेतून आल्यावर चुलीपुढं बसून, राखेत बोट फिरवून तूच मला अक्षरं शिकवलीस. तेव्हा तू फार कडक मास्तर होतास. आता मी चुका काढते. 'मिस्त्री' हा शब्द तू दोनदा खोडून लिहिला आहेस. मोठा माणूस झालास म्हणून एवढी घाई बरी नव्हे.

तू पाणी काढलंस हे गावातल्या म्बाह जास्मान आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "ज्याला लहानपणी चड्डी सांभाळता येत नव्हती, त्याच्या हातात आता यंत्र दिलंय का?" पण दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर तेच सगळ्यांना सांगत होते की आमच्या गावच्या पोरानं शहराला पाणी पाजलं.

मी आत्ता येत नाही. बाळंतपणाला मात्र नक्की येईन. खालच्या वावरात उधाणाचं पाणी शिरलं आणि भात पिवळा पडला. लोक म्हणतात, मातीत मीठ फुटलं. बांध फोडून कोळंबीची तळी करायचं चाललंय. भातापेक्षा कोळंबीला भाव चांगला, म्हणून कोणी रडत नाही. मलाच जरा चुकल्यासारखं होतं. तुझ्या दादानं लावलेलं लाल जामाचं झाड यंदाही लगडलंय. तळ्याच्या कडेला ते उगीच आल्यागेल्या पाहुण्यासारखं दिसतं.

तुझी,
यू


बुलुरेजो, २० मे १९९८

दिक रसिमान,

तू आणि तुझी माणसं अंगणात हापसा बसवून परत गेलात त्याला आज बारा दिवस झाले. गल्लीतल्या एकाही बाईनं या बारा दिवसांत कावड उचललेली नाही. पहाटेपासून हापशापुढं रांग असते. दांडा कमरेएवढा आहे, जोर लागत नाही, लहान पोरी पण हापसतात. लोक त्याला 'रसिमानचा हापसा' म्हणायला लागलेत. मी म्हटलं, अंगण माझं आहे. तर म्हणतात, अंगण तुमचं पण पाणी त्याचं.

शहरात दंगे झाले असं रेडिओवर ऐकलं. तुझ्या गिरण्या चालू आहेत ना? आपल्या गावच्या सतरा मुली तिकडे कामाला येतात. ट्रक पहाटे येतो आणि त्यांना भरून नेतो.

पाणी भांड्यात ओतताना मी दरवेळी जरा थांबते. आयुष्यभर ज्यासाठी चालले, ते पाच पावलांवर आलं. सवय व्हायला वेळ लागेल.

यू


बुलुरेजो, २ ऑगस्ट २००७

दिक रसिमान,

रमजानआधीच्या न्याद्रानला कबरी झाडायला येतो म्हणालास, पण यंदा येऊ नकोस. रस्त्याचं काम चाललंय आणि गाडी येत नाही. दादाची कबर मी झाडून घेईन, फुलं पण वाहीन. पोरीची शाळा बुडवू नकोस. मी ठणठणीत आहे. कान तेवढे गेलेत. शेजारणीच्या फोनवर तू बोललास तर मला नुसता खरखराट ऐकू आला. म्हणून लिहिते.

समुद्र जरा जवळ आलाय. त्याला आपल्या गावाचा लळा लागलाय, दुसरं काय.

यू


बुलुरेजो, ९ सप्टेंबर २००७

रसिमान,

नको म्हटलं तरी आलास. आलास ते बरं केलंस असं मी तोंडावर म्हटलं, पण आता लिहिते की नसतास आला तर बरं झालं असतं.

घरात शिरताना तू वाकलास, तरी कपाळ आपटलं. पाणी शिरायला लागलं म्हणून मी तीनदा भर घातली तेव्हा जमीन वर आली, छप्पर आहे तिथंच राहिलं, त्याला मी काय करू? तू पलंगावर पाय वर घेऊन बसलास. मी मासा तळला होता, वाफेवरचा भात होता, तुला आवडतं ते चिंचेचं कालवण होतं. तू दोन घास खाल्लेस. कबरस्तानात तू गुडघाभर पाण्यात उभा राहिलास आणि दुवा संपायच्या आत परत फिरलास. आणि मग अंगणात त्या हापशापुढं जाऊन जो उभा राहिलास तो अर्धा तास. मी हाक मारली तरी वळला नाहीस. पाइपला हात लावून परत परत खाली बघत होतास. जाताना माझ्या पाया पडलास पण माझ्याकडं पाहिलं नाहीस.

माझ्या घराला वास येतो, मला माहीत आहे. समुद्राच्या चिखलाचा आहे तो, माझा नाही. शहरात राहून तुला आमची किळस यायला लागली असेल तर तसं सांग. मी तुला लहानपणी धुतलंय, मला राग येणार नाही.

पुढच्या वर्षी खरंच येऊ नकोस.

मुर्सिनाह


सेमारांग, २१ ऑक्टोबर २००७

यू,

ईदला मी आलो नाही. तुम्ही नको म्हणालात म्हणून नव्हे. तोंड दाखवायची हिंमत झाली नाही.

किळस नव्हती, यू. हे पत्र मी चार वेळा फाडलं. आता लिहितो ते नीट वाचा.

तुम्हाला आठवत असेल, हापसा बसवताना मी सिमेंटचा ओटा बांधला होता आणि पाइप ओट्यावर वीतभर सोडला होता. गेल्या महिन्यात आलो तेव्हा तो पाइप माझ्या कमरेला लागला. ओटा फुटून खाली चिखलात बसलाय. तुम्ही हापसण्यासाठी तिथं लाकडी खोकं ठेवलंय. तुम्ही हसत म्हणालात, "हापसा उंच झाला की मी म्हातारी होऊन खुजी झाले, कळत नाही." मला हसू आलं नाही, कारण मला कळलं होतं. पाइप नव्वद मीटर खाली, घट्ट वाळूत रोवलेला आहे. तो हललेला नाही. जमीन खाली गेली.

समुद्र वर आला असं सगळे म्हणतात. थोडा आलाही असेल. पण गाव खचतंय. पुलाजवळ विद्यापीठातली एक मुलगी तिपाई लावून मोजमाप घेत होती. तिला विचारलं. ती म्हणाली, "दरवर्षी आठ-नऊ सेंटिमीटर, काका. शहराच्या पूर्वेचा सगळा पट्टा. खोल बोअरमधून गिरण्या पाणी ओढतात म्हणून." मी काय करतो ते तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

आपल्या खालची माती म्हणजे शेवरीच्या कापसाची भिजलेली गादी समजा. पाणी आहे तोवर फुगलेली. वाळूतून पाणी ओढलं की चिकण मातीतलंही पाझरून जातं आणि गादी बसते. एकदा बसली की परत फुगत नाही. हे मला माहीत नव्हतं असं म्हणवत नाही. पाण्याची पातळी दरवर्षी खाली जाते हे मी वीस वर्षं बघतोय. सुरुवातीला पाणी आपोआप उडायचं, आता साठ मीटरवरून मोटर लावून ओढावं लागतं. ते पाणी कुठून कमी होतंय आणि वरच्या जमिनीचं काय होतंय, हे मी कधी विचारलं नाही. जिथं पाणी लागलं तिथं मिठाई वाटली आणि गाडी पुढच्या गिरणीकडं नेली.

मी आजवर दोनशे अकरा बोअर मारले. त्यातला एक तुमच्या अंगणात.

दादाच्या कबरीवर पाणी बघितलं आणि मला दुवेचे शब्द आठवेनात.

आता खरी गोष्ट. आपल्या गावापासून तीन किलोमीटरवर नवीन कारखाने येतायत. सहा खोल बोअरचं काम मला देऊ केलंय. माझ्याकडं नऊ माणसं आहेत, त्यांची घरं आहेत. मी काय करू, तुम्ही सांगा. तुम्ही घे म्हणालात तर घेईन, नको म्हणालात तर सोडीन. लहानपणी जसं ऐकायचो तसंच.

रसिमान


सेमारांग, ४ मार्च २००८

यू,

साडेचार महिने झाले. उत्तर नाही. शेजारणीला फोन केला तर म्हणाली, तुम्ही बऱ्या आहात, आणि पत्र आल्याचं तिनं स्वतः पाहिलं.

म्हणजे तुम्ही वाचलंय.

मी ते काम सोडलं. तुमच्या उत्तराची वाट पाहिली असती तर ते आलं नसतं आणि मी 'यू काही बोलल्या नाहीत' असं म्हणून काम घेतलं असतं. माझं मन मला ओळखीचं आहे. मी सोडल्यावर महिन्याभरात दुसऱ्या मिस्त्रीनं सहाही बोअर मारले. माझी चार माणसं त्याच्याकडं गेली. मी त्यांना अडवलं नाही.

एंदाह म्हणते, मग सोडून मिळालं काय? 

रसिमान


बुलुरेजो, १८ जानेवारी २००९

दिक रसिमान,

तुला वाटलं असेल, यू रागावली. हो, रागावले होते. तुझं पत्र वाचलं त्या दिवशी मी हापशाचं पाणी प्यायले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी प्यावं लागलं, कारण दुसरं पाणीच नाही. तहान लागली की कुणावर रुसायचं हे सुद्धा माणसाच्या हातात राहत नाही. ते गोडच होतं. त्याचा मला जास्त राग आला.

मग मी ते पत्र तसंच घडी करून ठेवलं. गावात दर महिन्याला सभा व्हायची आणि सभेत तेच बोललं जायचं. समुद्र, नशीब, आपली पापं. हाजी म्हणायचे, सबुरी ठेवा. कोणी म्हणायचं, कांदळवन लावा, कोणी म्हणायचं, भिंत बांधा. माझ्या ट्रंकेत उत्तर पडलेलं होतं आणि मी गप्प बसून कान ऐकत नाहीत असं दाखवत होते. वाचून दाखवलं तर तुझं नाव जाईल. नाही दाखवलं तर लोक स्वतःलाच पापी समजत राहतील. वर्षभर मी त्यातच अडकले होते, म्हणून लिहिलं नाही.

गेल्या महिन्यात आपल्या गल्लीतल्या अस्रीच्या घराची मागची भिंत पाण्यात गेली. ती सभेत रडत म्हणाली की माझ्या हातून असं काय घडलं म्हणून मला ही शिक्षा. तेव्हा मी उठले, घरी गेले, पत्र आणलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. तुझी ती दोनशे अकराची ओळ सुद्धा. माझा आवाज मलाच नीट ऐकू येत नाही, तेव्हा बहुतेक मी ओरडूनच वाचलं असणार.

 मग एकजण म्हणाला की चला, तो पाइप उपटून समुद्रात टाकू. मी म्हटलं, उपट, आणि संध्याकाळी तुझ्या बायकोला काय पाजतोस ते मला येऊन सांग. मग दुसरा म्हणाला की रसिमानला इथं आणून उभं करा. तेव्हा म्बाह जास्मान बोलले. नव्वदीला टेकलेत, पण आवाज अजून तसाच. म्हणाले, "त्याला उभं करायचं तर मलाही करा. माझ्या तीन नाती त्या गिरणीत आहेत. माझ्या घराची कौलं त्या पगाराची आहेत. ते पाणी वर आलं नसतं तर गिरणी आली नसती, आणि गिरणी आली नसती तर आपण भात सडल्यावरच उपाशी मेलो असतो. आता ज्याचे हात कोरडे असतील त्यानं बोलावं."

सगळे आपापल्या पायांकडं बघायला लागले. पाणी घोट्यापर्यंत होतं, कोणाचंच काही कोरडं नव्हतं. कोणीतरी हसलं. मग खूप जण हसले. तू असतास तर तुला कळलं असतं ते कसलं हसू होतं.

मी एवढंच म्हटलं की माझ्या दिरानं एकट्यानं समुद्र आणला नाही, पण त्याचा हात लागलाय आणि त्यानं ते लिहून दिलंय. दुसऱ्या कोणी लिहून दिलेलं मला दाखवा. गिरणीवाल्यांनी दाखवावं, परवाना देणाऱ्यांनी दाखवावं.

त्या पत्राच्या प्रती काढून लोक जिल्ह्याच्या कचेरीत गेले. तुझं पत्र तिथल्या फाइलीत लागलंय, म्हणून तुला सांगणं भाग आहे. तुला न विचारता दिलं. तुला त्रास होईल कदाचित. तू मला विचारलं होतंस ना, काय करू म्हणून? उत्तराची वाट न बघता तू ठरवलंस, मीही तुला विचारलं नाही, फिट्टंफाट झाली.

काम सोडलंस ते मला तुझ्या मार्चच्या पत्रातून कळलं होतं. तू सोडलंस म्हणून जमीन एक बोटही वर येणार नाही. सोडून मिळालं काय, असं एंदाह विचारते ना? तिला सांग, यूला मिळालं. त्या सभेत मी मान वर करून बोलू शकले ती त्यामुळे.

यू


सेमारांग, १० फेब्रुवारी २००९

यू,

कचेरीतून दोन माणसं आली होती. मी दोनशे अकरा जागांची यादी करून दिली, कुठं किती खोल, कोणत्या साली. त्यातले परवान्याचे किती आणि बिनपरवान्याचे किती, ते पण लिहून दिलं. तीन गिरण्यांनी मला फाटकातून आत घेणं बंद केलंय. आता मी नदीच्या पाण्याची पाइपलाइन टाकणाऱ्या ठेकेदाराकडं आहे. गाडी विकली. गाडी गेली त्या दिवशी मी लहान पोरासारखा रडलो. तुम्हाला लिहिताना लाज वाटत नाही.

गेल्या शुक्रवारची गोष्ट. नमाजानंतर दादासाठी सगळी दुवा पुरती म्हटली, एक शब्द अडला नाही.

मी तुम्हाला घ्यायला येऊ का?

रसिमान


नवीन वसाहत, २७ नोव्हेंबर २०१०

दिक रसिमान,

तू सामान लावून गेलास त्याला महिना झाला. एंदाहनं पाठवलेलं लोणचं संपलं, तिला कळव. तुमच्याकडं न येता मी गावकऱ्यांबरोबर इकडं आले म्हणून ती रुसली असेल, पण या वयात मला माझ्याशी भांडणारी माणसं आजूबाजूला लागतात. छप्पन्न घरं आलोय. बारा घरं अजून तिकडंच आहेत.

तुझ्या दादाला बुडालेल्या कबरीतून काढून हलवलं त्या दिवशी तू मला जवळ येऊ दिलं नाहीस. तुम्ही पुरुष ओहोटीची वेळ साधून पाण्यात उतरलात आणि मी होडीत बसून राहिले. तुला वाटलं मी रडतेय. मी तुला बघत होते. तू ते पांढरं गाठोडं छातीशी धरून पाण्यातून चालत आलास, पाय जपून टाकत, कोणालाही हात लावू न देता. आई गेल्यावर त्यानं तुला असंच उचलून फिरवलं होतं असं तो मला सांगायचा. मी तेव्हा आपल्या घरात आले नव्हते, ते मला बघायला मिळालं नव्हतं.

इथली जमीन लाल आहे आणि टणक आहे. भिंती सरळ आहेत. नळाला नदीचं पाणी येतं, त्याला औषधाचा वास असतो. तू टाकलेल्या पाइपातून येतं की दुसऱ्या कोणाच्या, ठाऊक नाही. मी सगळ्यांना तुझ्याच म्हणून सांगते.

एक गोष्ट मात्र कोणाला सांगितली नाही. सकाळी उठल्यावर पाय खाली सोडायच्या आधी मी अजून पलंगावरून वाकून हात खाली नेते, पाणी किती चढलंय ते बघायला. हाताला फरशी लागते. कोरडी, गार. आनंद व्हायला हवा. पण रोज त्या क्षणी वाटतं की आपण कोणा दुसऱ्याच्या घरी झोपलो होतो. मग तशीच थोडा वेळ बसते, आणि चपला घालून चुलीकडं जाते.

यू